पोत्यातल्या औषधाचा माग

घाटंजीच्या शिवारात कपाशी आहे, म्हणून सरकी आहे, आणि सरकी आहे म्हणून ढेप. तूर-सोयाबीनच्या कुटारासोबत भिजवलेली ढेप दुभत्या जनावरापुढे ठेवायची, ही इकडची जुनी रीत. आता तिच्या जोडीला कारखान्यातले गोळीखाद्य आले आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर सगळा कारभार तयार खाद्यावरच चालतो. त्या पोत्यात प्रतिजैविक मिसळलेले असले, तर ते मालकाला ना दिसते ना वासावरून कळते.

१९ जुलै २०१९ रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता, कोंबड्यांकरिता आणि पशुखाद्याच्या पूरकांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. बाकी औषधे थकली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, असे हे माणसांचे राखीव औषध. कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून ते खाद्यात पडत होते. त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमधल्या संशोधकांनी २०१५ साली जगापुढे आणले होते.

तोंडावाटे दिलेले कोलिस्टिन आतड्यातून रक्तात फारसे उतरतच नाही. मांस तपासले तर हाती थोडेच लागते. औषध आतड्यातल्या जिवाणूंना स्वतःची सवय लावून विष्ठेवाटे बाहेर पडते आणि कोंबडखतातून शेतात जाते. त्यामुळे तपासणी खाद्याचीच व्हायला हवी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर निघाले. पण दुधातला अंश स्तनदाहाच्या इंजेक्शनाचाही असू शकतो. पोत्याबद्दल दूध खात्रीने काही सांगत नाही.

खाद्य तपासायची जुनी पद्धत जिवाणूंचीच. अगरच्या थाळीवर बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका वाढवायचा, खड्ड्यात खाद्याचा अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे मोकळे वर्तुळ मोजायचे. स्वस्त आणि भरवशाची रीत आहे, पण जिवाणू कशाने मेला हे वर्तुळ सांगत नाही. खाद्यातले तांबे-जस्तही तेच काम करू शकते.

नाव पटवायला द्रव वर्णलेखन आणि दुहेरी वस्तुमान-वर्णपटमापन लागते. प्रयोगशाळेत त्याला सरळ ‘एलसी-एमएस-एमएस’ म्हणतात. दळलेले खाद्य आम्लयुक्त द्रावणात घुसळून, गाळून, शोषक भरलेल्या छोट्या नळीतून जाऊ देतात, म्हणजे तेल आणि रंग मागे राहतात. कोलिस्टिन काचेला चिकटते, म्हणून बाटल्या पॉलिप्रोपिलीनच्या. एवढे न सांभाळल्यास यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच औषध भिंतीला लागून जाते. यंत्रात पहिला गाळा सुमारे ३९० वस्तुमान-भार गुणोत्तराचे आयन तेवढे पुढे सोडतो, मधल्या कक्षात वायूवर आदळून त्यांचे तुकडे होतात आणि शेवटचा गाळा १०१ चा तुकडा मोजतो. ही जोडी कोलिस्टिन-ए ची. कोलिस्टिन-बी ची जोडी सुमारे ३८६ आणि १०१. दोन्ही जोड्या आणि स्तंभातून बाहेर पडायची वेळ जुळली, तरच नाव लिहायचे.

किलोमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे टनामागे एक मिलिग्रॅम: पन्नास किलोच्या वीस पोत्यांत पसरलेला कण. यंत्र इतके बारीक पाहू लागले, तरी खाद्य त्याला साथ देत नाही. दूध ढवळले की एकजीव होते. खाद्यात मक्का, ढेप, कोंडा आणि खनिजे वेगवेगळी बसतात, औषधाची पूड एका कोपऱ्यात गोळा होते. मिश्रण यंत्रात आधी औषधी खाद्य निघाले असेल, तर त्याचा उरलासुरला भाग पुढच्या साध्या खाद्यात येतो. शिवाय ढेपेतले तेल आयन बनण्याच्या क्रियेत अडथळा आणून आकडा खोटा पाडते. म्हणून तज्ज्ञ तशाच पण औषध नसलेल्या खाद्यात ठाऊक मात्रा घालून आधी मोजपट्टी तयार करतात. अहवालातला आकडा त्या मोजपट्टीवर उभा असतो.

यंत्राची किंमत मोठी आणि जागा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत. घाटंजीच्या वाट्याला येते ते नमुना काढण्याचे काम, आणि कस तिथेच लागतो. एका पोत्याच्या तोंडावरची मूठ पुरत नाही. अनेक पोत्यांत वर, मध्ये, तळाशी पोकळ नळी खुपसून माल काढायचा, एकत्र करून ढीग लावायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि पुन्हा तेच. शेवटी उरलेल्याच्या सीलबंद पिशव्या करून एक प्रयोगशाळेला आणि एक वाद झाल्यास उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवायची. पिशवीवर पोत्याचा बॅच क्रमांक आणि तारीख लिहायची. सुट्या ढेपेला क्रमांक नसतो, तिच्यासाठी विक्रेत्याचे बिल जपून ठेवावे लागते.