रक्तक्षय व शेतकरी कुटुंबातील मुलींचा आहार

सातपुड्याच्या गाविलगड रांगेवरील चिखलदरा तालुका व त्यास लागून असलेला धारणी तालुका मिळून अमरावती जिल्ह्याचा मेळघाट प्रदेश होतो. १९९३ साली येथील बालमृत्यूंकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. तेव्हापासून बालकांचे वजन घेणे व त्यांस पोषक आहार देणे हे कार्य चालू आहे. परंतु दुर्बळ बालक बहुधा दुर्बळ मातेच्या पोटी जन्मास येते. आणि ती माता चार-पाच वर्षांपूर्वी शेतात निंदण करणारी, डोक्यावर पाणी वाहणारी एक मुलगीच असते. म्हणून बालकाची चिंता वाहणाऱ्याने प्रथम त्या मुलीच्या ताटाकडे पाहिले पाहिजे.

रक्तक्षयाची ओळख

रक्तातील हिमोग्लोबिन हे तांबडे द्रव्य शरीरास प्राणवायू पुरविते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी, व गरोदर स्त्रीच्या रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी झाल्यास रक्तक्षय झाला असे समजतात. चढ चढताना धाप लागणे, लवकर थकवा येणे, पापणीची आतील बाजू फिकट दिसणे ही त्याची लक्षणे होत. अशा मुलीस घरात आळशी म्हटले जाते. वस्तुतः ती आजारी असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया, तर १५ ते १९ वयाच्या सुमारे ५७ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या.

वाढते वय व मासिक पाळी यांमुळे मुलीस लोह अधिक लागते. पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लागते. असे असता अनेक घरांत ती सर्वांच्या शेवटी जेवते व तिच्या वाट्यास भाकरी आणि पातळ वरणच उरते. पेरणीपूर्वी बैलांस पेंड चारण्यास जो शेतकरी चुकत नाही, त्याने हा विचार घरातही करावा.

शेतातून व परसातून

सोयाबीनसारखे नगदी पीक बाजारात जाते व त्याचा पैसा इतर गरजांत खर्च होतो. म्हणून तूर, हरभरा, कोदो-कुटकी यांचा घरचा वाटा विक्रीपूर्वीच बाजूला काढावा. कुंपणाशी पावसाळ्याच्या आरंभी मुनग्याची दोन झाडे लावावीत व वेळोवेळी छाटून बुटकी ठेवावीत, म्हणजे पाला हाती येतो. भांडी धुतल्याचे पाणी जेथे वाहते तेथे चवळाई, मेथी व अंबाडी पेरावी. शेजारी लिंबू व पेरू लावावेत. पावसाळ्यात उगवणारा तरोटा, तसेच वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी यांचाही उपयोग करावा.

वनस्पतींतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा अथवा पेरू असल्यास ते शोषण वाढते. जेवणासोबत चहा घेतल्यास घटते. म्हणून ताटातील भाजीवर लिंबू पिळावे व चहा जेवणाच्या एक-दोन तास आधी किंवा नंतर घ्यावा. मांस, मासे खाणाऱ्या कुटुंबांनी त्यांतील वाटा मुलीस अवश्य द्यावा. त्यांतील लोह सहज शोषले जाते. स्वयंपाकास लोखंडी कढई वापरणेही हितकारक आहे.

आहारास औषधाची जोड

रक्तक्षय झाल्यावर केवळ आहाराने तो भरून निघणे कठीण असते. १० ते १९ वयाच्या मुलींस आठवड्यातून एक लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळसर झाल्यास भिऊ नये. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस व प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस गोळी घ्यावी. ओल्या मातीत अनवाणी चालल्याने आकडीकृमी त्वचेतून शिरतात व आतड्यातून रक्त शोषतात. याकरिता शेतात पादत्राणे वापरावीत, शौचालयाचा उपयोग करावा व वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी घ्यावी. विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रोगही आढळतो. त्याचा फिकेपणा लोहाने जात नाही. म्हणून रक्ततपासणी अगत्याची आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. अविवाहित मुलीचे पोषण मात्र मुख्यतः घरच्या ताटावरच अवलंबून राहते. त्यातही सुगीनंतर अनेक कोरकू कुटुंबे कामासाठी सपाटीवर उतरतात व होळीस परततात. या काळात गोळ्यांचा क्रम तुटतो. निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीकडून तेवढ्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात व परतताच तपासणी करावी.

गृहभेटीच्या वेळी कार्यकर्त्याने "काय शिजविले?" एवढेच विचारून थांबू नये, "मुलीने काय खाल्ले?" हेही विचारावे. घरातील कर्त्या पुरुषासमक्ष हा प्रश्न विचारल्यास त्याचा अधिक उपयोग होतो, कारण धान्य विकावे किती व राखावे किती, हे बहुधा तोच ठरवितो.