हत्तीपायाच्या जंताची नाईट ड्युटी

आपल्या विदर्भात हत्तीपायाचा सर्व्हे करायला आरोग्य खात्याचे लोक रात्री येतात आणि बोट टोचून रक्त घेतात. झोपमोड झालेला माणूस वैतागतो, "दिवसा काऊन येत नाही बाप्पा?" मित्रांनो, याचं उत्तर मोठं भन्नाट आहे.

वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा दोऱ्यासारखा जंत आपल्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांत राहतो. मादी ८ ते १० सेंटिमीटरची. तिची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण १० ते २ च्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात गर्दी करतात. का, तर क्युलेक्स डास रात्री चावतो, आणि डासाच्या पोटात गेल्याशिवाय पिल्लाची पुढची वाढच होत नाही. चुकीच्या वेळी वर आलेल्याचा वंश तिथेच खुंटला. पिढ्यान्‌पिढ्या हीच चाळणी लागून टायमिंग सेट झालं. पॉलिनेशियाच्या बेटांवर या जंताचा वाहक डास दिवसा चावतो. तिथे याच जंताची पिल्लं दिवसाही रक्तात भरपूर सापडतात!

घड्याळ मात्र आपलंच. माणूस दिवसा झोपून रात्री जागू लागला, की काही दिवसांत पिल्लांची वेळही उलटते. (सबमिशनसाठी नाईट मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

यजमान मेला तर जंताचंही घर गेलं. म्हणून तो आपली प्रतिकारशक्ती थोपवून धरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. डासाचंही तेच, पोटात फार पिल्लं गेली तर डासच मरतो. आणखी गंमत म्हणजे जंताच्या आत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. दोघांची सोबत इतकी जुनी, की डॉक्सिसायक्लिनने जिवाणू मारला तर मादीला पिल्लंच होत नाहीत.

खरी अडचण या गुपचूप राहण्यातच आहे. ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत तो बहुतेकदा ठणठणीत दिसतो, आणि "मला काय झालं?" म्हणत मोहिमेतली गोळी खिडकीबाहेर टाकतो. त्याच्याकडूनच डास रोग शेजारी पोचवतो. गोळ्यांनी पिल्लं मरतात, पण मोठे जंत बरेचदा टिकून राहतात आणि नवी पिल्लं सोडतात, म्हणून गोळ्या दरवर्षी घ्याव्या लागतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये दोनऐवजी तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं, ते याच कारणासाठी. पायाची सूज एकदा दगडासारखी घट्ट झाली, की मग ती गोळीने उतरत नाही.