सागरी कासवाच्या अंड्यांची जोपासना

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते व ती वरचेवर फिरविते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. सागरी कासवाची रीत याहून निराळी आहे. मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परत जाते. पुढे ऊब देण्याचे काम वाळूच करते.

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे मुख्यत्वे हिवाळ्यात अंडी घालतात. एका घरट्यात सुमारे १०० अंडी असतात. पूर्वी ती खाण्यासाठी व विकण्यासाठी उकरली जात. कुत्री व कोल्हेही त्यांचा फडशा पाडीत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले. तेथील कासव महोत्सवास येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकरी आपल्या घरी करतात. त्यातून गावास उत्पन्नही मिळते.

घरटे सुरक्षित असल्यास ते जागीच राहू द्यावे. भरतीचा वा जनावरांचा धोका असेल तरच वन विभागाच्या देखरेखीखाली अंडी हलवावीत. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच उरकावे. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटतो व अंडे फिरविल्यास तो मरतो. म्हणून अंडे ज्या बाजूने उचलले त्याच बाजूने ठेवावे. हिसका बसू देऊ नये.

नवा खड्डा भरतीरेषेच्या वर, मूळ घरट्याएवढाच खोल व तळाशी रुंद असावा. वाळू ओलसर असावी, परंतु पाणी साचू नये. सभोवती जाळीचे कुंपण घालावे. अंडी घातल्याची तारीख व अंड्यांची संख्या वहीत नोंदवावी.

पिले सुमारे ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. वाळू उष्ण असल्यास माद्या अधिक व थंड असल्यास नर अधिक निपजतात. यास्तव उष्णतेची नोंद ठेवणे हितावह होय. पिले निघण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घालून तिची वारंवार पाहणी करावी. निघालेली पिले पहाटे किंवा सायंकाळी, ऊन नसताना, वाळूवर सोडावीत व त्यांना स्वतः चालत पाण्याकडे जाऊ द्यावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या कासवास व त्याच्या अंड्यांस संरक्षण आहे. अंडी नेणे हा गुन्हा होय. घरटे आढळताच ग्रामसेवकांनी वन विभागास विनाविलंब कळवावे.