पंख्याला नुसता रंग फासून भागत नाही

पितळेच्या भांड्यांसाठी नाव कमावलेल्या भंडाऱ्यात तांब्या-पितळेविरुद्ध लिहायचं म्हणजे धाडसच. पण गोसीखुर्दच्या जलाशयात फिरणाऱ्या मोटरबोटीचा पंखा अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर त्याला सगळ्यात जास्त जपायचं ते तांब्यापासूनच.

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा त्यावर लगेच धरतो. एरवी तोच त्याला राखतो. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या बाहेर गेला की पापुद्रा विरघळू लागतो, आणि क्लोराइड त्याला बारीक भोकं पाडतं. वैनगंगा गोड्या पाण्याची, त्यामुळे कोकणातल्या बोटींइतका ताप इथे नाही. मात्र नागपूरचं सांडपाणी नाग नदी आणि कन्हानमार्गे याच जलाशयात येतं, शिवाय उथळ पाण्यात वाळू पात्यांच्या कडा घासून रंग उडवते.

पंखा बसतो तो दांडा बहुधा स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. रंग पाण्याला आड येतो. पण तोच रंग एका जागी खरवडला, तर सगळी झीज त्या नखाएवढ्या जागेवर एकवटते आणि खोल खड्डा पडतो. म्हणून ओरखडा दिसला की वेळीच बुजवावा.

काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा, मगच पंख्याला हात घाला. पात्याच्या कडेच्या बारीक खाचा कानशीने हलकेच काढा; पातं वाकलं किंवा तडकलं असेल, तर तो पंखा कारागिराकडे द्या. जुना रंग आणि पांढरी भुकटी पॉलिश पेपरने घासा. लोखंडी किंवा पितळी ब्रश नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात. थिनरने तेलकटपणा पुसला की वेळ न दवडता अ‍ॅल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर मारा, कारण उघड्या धातूवर ऑक्साइड लगेच धरतो आणि रंगाची पकड सैल होते. प्रायमरवर पॉलियुरेथेन रंगाचे पातळ हात द्या. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर असतं. जाड थराने पात्याची कड बोथट होते. पंख्याच्या मधल्या भोकातल्या, दांड्यात अडकणाऱ्या खाचांना रंग नको, तिथे ग्रीस हवं. भट्टीत भाजायचा पावडर कोटिंगचा रंग द्यायचा, तर पंख्याच्या मधल्या भागातलं रबर आधी काढावं लागतं.

शेवाळ धरू नये म्हणून मिळणारे तांबेयुक्त रंग इथे वर्ज्य. त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, पंख्यावर बसतं आणि प्रत्येक कणापाशी नवी बॅटरी सुरू होते.

शेवटी अ‍ॅनोड, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारी धातूची वडी. तिच्यावर रंग मारला तर ती निकामी झालीच समजा. समुद्रात झिंकची वडी चालते. गोड्या पाण्यात तिच्यावर साय धरते आणि ती काम थांबवते. वैनगंगेत मॅग्नेशियमचीच बसवा, आणि अर्धी झिजली की बदला.