टेन्शन नाही, मग बीपी कसं?

"मला कसलंच टेन्शन नाही, मग बीपी कसं असेल?" हे ऐकलं की माझा जीव वरखाली होतो. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मुलीचं लग्न पार पडलं, आता गोळी बंद केली."

घोळ शब्दातच आहे. 'हायपरटेन्शन'मधलं टेन्शन मनावरचं नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणाऱ्या दाबाचं आहे. पाठ टेकताच घोरू लागणाऱ्या निवांत माणसालाही तो आजार असतो.

मग काळजीने बीपी चढत नाही का? चढतं, आणि उतरतंही. माझी मावशी एकदा रात्री दोनला धडधडून उठली. यंत्र लावलं, 172. घाबरून लगेच पुन्हा, 180. तिला म्हटलं, आधी लघवीला जाऊन ये, पाठ टेकून बस, पाय जमिनीवर ठेव, बोलू नकोस. पंधरा मिनिटांनी 138. इटलीत मान्सिया आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये धमनीत नळी ठेवून हेच मोजलं होतं: डॉक्टर बीपी घ्यायला आले की वरचा आकडा सरासरी 27ने उसळायचा आणि दहा मिनिटांत बराचसा ओसरायचा.

"बघ, टेन्शनचंच होतं!" मावशी म्हणाली. नाही, मावशी! 180 भीतीचं होतं, एवढंच कळलं. झोपेत काय चालतं ते जाग आल्यावर मोजून कसं कळणार?

झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवं. काहींचं उतरत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, झोपेत श्वास अडकणं ही त्याची नेहमीची कारणं. जपानमधल्या ओहासामा इथल्या अभ्यासात ही उतरण जितकी कमी, तितका हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यूचा धोका जास्त दिसला, 24 तासांची सरासरी ठीक असलेल्यांतही. हे कळायला 24 तास दंडाला पट्टा बांधून ठेवावा लागतो. रात्रीची सरासरी 120/70 किंवा त्याहून जास्त आली तर ती जास्तच, दवाखान्यात 130 आलं असलं तरी.

असेच आणखी दोन समज. "बीपी वाढलं की डोकं दुखतंच." बहुतेकांना काहीही जाणवत नाही. मात्र छातीत कळ, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं असेल तर यंत्र शोधत बसू नका, रुग्णालय गाठा.

"गोळी रात्रीच घ्यावी." ब्रिटनमधल्या 21 हजारांवर रुग्णांच्या 'टाइम' चाचणीत (2022) सकाळ-रात्र असा फरक पडला नाही. न चुकता घ्या.

मावशीने 24 तास पट्टा बांधला. दिवसाचे आकडे बरे निघाले. रात्री मात्र बीपी जवळजवळ उतरतच नव्हतं. डॉक्टरांनी टेन्शनबद्दल काहीच विचारलं नाही. काकांना विचारलं, "या घोरतात का?" काका म्हणाले, "घोरते, आणि मध्येच श्वास थांबतो." पुढच्या आठवड्यात तिची झोपेची तपासणी आहे.