बंद ॲम्प्लिफायरही जिवंत असतो

हौशी रेडिओचालकाच्या नेहमीच्या संचाची शक्ती साधारणत: १०० वॉट असते. ती हजार वॉटच्या आसपास नेणारे उपकरण म्हणजे लिनियर ॲम्प्लिफायर. ट्रान्झिस्टरच्या जमान्यातही या कामासाठी निर्वात नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, टिकून आहेत. अमेरिकेतील हीथकिट कंपनीचा १९७० च्या दशकातील एसबी-२२० हा त्याचा प्रसिद्ध नमुना. सुट्या भागांतून घरीच जोडलेली ही यंत्रे आजही दुरुस्तीला येतात.

या दुरुस्तीत पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. यातील ३-५००झेड जातीच्या दोन नळ्यांना सुमारे ३,००० व्होल्टचा दाब लागतो. तो साठवणारे आठ कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकावर एक रोधक असतो. तो दाबाची समान वाटणी करतो आणि यंत्र बंद केल्यावर साठलेली वीज अर्ध्या-एक मिनिटात ओसरू देतो. मात्र एखादा रोधक जळून तुटला, तर त्याच्या कपॅसिटरमधील वीज तशीच राहते आणि शेकडो व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून प्लग काढावा, मीटर शून्यावर येऊ द्यावा आणि मगच झाकण उघडावे. त्यानंतर चासीला जोडलेली तार विद्युतरोधक दांड्याने उच्च दाबाच्या टोकाला लावावी आणि प्रत्येक कपॅसिटर मीटरने स्वतंत्रपणे तपासावा. हे काम एकट्याने करू नये.

यंत्र शक्ती देईनासे झाले की संशय प्रथम महागड्या नळीवर जातो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. आधी अँटेना, केबल व रिलेचे संपर्कबिंदू तपासावेत. फिलामेंट उजळत नसेल तर सॉकेट पाहावे. प्रत्येक फिलामेंट ५ व्होल्टला तब्बल १४.५ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे किंचित सैल पकडही भोवते. नळी काढून थंड असताना ग्रिड व फिलामेंट यांच्यात ओहममापकावर जोड दिसला, तर ती निकामी समजावी.

देखभालीत पंख्याला पहिला मान द्यावा. धुळीने हवा अडली की नळीच्या पिनांमधील डाख वितळू शकतो. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्राला एकदम पूर्ण दाब देऊ नये. व्हेरिॲकने तो हळूहळू वाढवावा, म्हणजे जुने कपॅसिटर फुटण्याचा धोका कमी होतो.

नळी बदलता येते, कपॅसिटरही नवे मिळतात. झाकण उघडण्यापूर्वीचा एक मिनिट मात्र वाचवू नये.