पाचव्या पायरीवर मोडलेला अंदाज

२ चा ३२ वा घात करून त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. ही संख्या मूळ आहे, असं पिएर द फर्मा मानत होता. तुलूझमध्ये न्यायदानाचं काम करणारा हा माणूस गणितात मात्र भल्याभल्यांना भारी पडे. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ आहेत. त्यावरून १६४० मध्ये त्याने अंदाज बांधला की घातांक असाच दुप्पट करत गेलं, तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल.

१७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला. १७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने दाखवून दिलं की या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

सरळ मार्गाने गेलं तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो; याची सिद्धता ऑयलरने पुढे लिहिली. ही चाळणी लावली की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्याच भागाकारात निकाल! एवढ्या प्रचंड संख्येचा गाभा इतक्या थोड्या कष्टात हाती यावा, यातच मला गणिताचं खरं सामर्थ्य दिसतं.

खरं तर आज आपल्याला एकही भागाकार न करता हे पटवून घेता येतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. तसंच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४० ला ६४१ ने भागताना बाकी उणे १ धरता येते. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. पण हा चौथा घात म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात. बाकीच्या हिशेबात ५ च्या चौथ्या घाताऐवजी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, चालतो. तेव्हा उणे २ च्या ३२ व्या घाताची बाकी १ ठरते. मग २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य! वही-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहाच.

पुढची संख्या लँड्रीने १८८० मध्ये फोडली; तिचा लहान विभाजक २,७४,१७७. पुढे संगणक आले, तरी ६५५३७ नंतर या कुळातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही ३,१५,६५३ अंकी संख्या मूळ नाही, हे सिद्ध झालं आहे; तिचा एकही विभाजक मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.